इंग्लंडच्या खेड्यात मिसळायचं कसं: कपबशा विसळण्यापासून तेरडा उपटण्यापर्यंत

आम्ही रेडिंगचा फ्लॅट सोडून वुस्टरशरमधल्या एका खेड्यात राहायला आलो (स्पेलिंग बघून वॉर्सेस्टरशायर म्हणू नका, वुस्टरशर) तेव्हा पहिले आठ महिने मी गावात कुणाशी सलग पाच मिनिटं बोलले नव्हते. नवऱ्याच्या हॉस्पिटलच्या शिफ्टा, माझं लॅपटॉपवरचं काम, आणि बाहेर पडलं की ‘लव्हली डे’, ‘येस, लव्हली’, संपलं. लोक वाईट नव्हते हो, उलट फार भले, पण दार वाजवून ‘काय चाललंय’ विचारणारं कुणी नाही आणि आपण जाऊन वाजवावं तर ते बरं दिसेल का तेही कळत नाही. आता चार वर्षं झाली. ओळखीतली तीन-चार मराठी घरं अशीच कुठल्या कुठल्या खेड्यात गेलीत, कुणी एनएचएसच्या (इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) नोकरीमुळे, कुणी वर्क फ्रॉम होम आहे म्हणून, आणि सगळ्यांचे फोन तेच, की अगं इथे करमत नाही, काय करायचं. म्हणून एकदाच लिहून ठेवते.

सगळ्यात आधी एक, जे मला कुणी सांगितलं नाही आणि मी तोंडावर आपटले. नवीन काही काढायला जाऊ नका. आपल्याला लगेच सुचतं, योगाचा क्लास काढू, इंडियन कुकिंग शिकवू, बायकांचा ग्रुप करू. पहिलं वर्षभर जे चालू आहे त्यातच हात घाला. कुठल्याही गावात सगळं सात-आठ माणसंच ओढत असतात, तीच गावच्या हॉलच्या कमिटीत, तीच चर्चची फुलं लावायला, तीच पायवाटेवरच्या काटेरी फांद्या कापायला, आणि बहुतेक सगळी सत्तरीच्या पुढची. त्यांना आयडिया नको असते, खुर्च्या उचलायला माणूस हवं असतं. मी तिसऱ्याच महिन्यात एका मीटिंगमध्ये उभी राहून योगाचं सुचवलं होतं, सगळे गोड हसले, ‘व्हॉट अ लव्हली आयडिया’ म्हणाले आणि पुढे काही म्हणजे काहीच झालं नाही. इथे लव्हली आयडिया म्हणजे नाही, हे मला वर्षभराने कळलं.

सुरुवात नोटिस बोर्डपासून करा. बस स्टॉपजवळ किंवा हॉलच्या भिंतीला काच लावलेली पेटी असते, आत पिवळे पडलेले कागद. फोटो काढा आणि घरी जाऊन चहा पीत वाचा, कारण तिथेच उभं राहून वाचलं की कुणीतरी ‘आर यू लॉस्ट?’ विचारतं. जोडीला गावाचं छापील मासिक असतं, बहुतेक वेळा चर्चच काढतं, दोन-चार पानं देवाची आणि बाकी प्लंबर, बागकाम, कुणाचं मांजर हरवलं. फेसबुक ग्रुपही असतो पण तिथे निम्मं भांडण कुत्र्याच्या शीवरून असतं, ते आपलं करमणुकीपुरतं.

हे वाचताना तीन वेगळ्या संस्था आहेत हे लक्षात ठेवा, मी पहिलं वर्ष यांची खिचडी करत होते. पॅरिश कौन्सिल म्हणजे निवडून आलेली, साधारण आपल्या ग्रामपंचायतीसारखी, १८९४च्या कायद्याने झालेली, चर्चशी संबंध नाही. पॅरोकियल चर्च कौन्सिल ही चर्चची, नाव सारखंच वाटतं पण वेगळी. आणि व्हिलेज हॉलची कमिटी तिसरी, हॉल बहुतेक ठिकाणी एक चॅरिटी असतो आणि कमिटीतली माणसं त्याचे ट्रस्टी. बाकाचं, खेळाच्या मैदानाचं, अलॉटमेंटचं (भाजी लावायच्या भाड्याच्या जमिनीचं) पॅरिशकडे जायचं. खड्ड्याचं पॅरिशला सांगून उपयोग नाही, ते काउंटी कौन्सिलकडे (आपल्या जिल्हा परिषदेसारखी), त्यांच्या वेबसाइटवर नकाशावर टाचणी टोचून तक्रार करता येते.

मग कॉफी मॉर्निंगला जा. आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदा, हॉलमध्ये, साडेदहा वाजता. साडेदहाच का, तर म्हाताऱ्या माणसांचा फुकटचा बसपास सोमवार ते शुक्रवार बहुतेक ठिकाणी साडेनऊच्या आधी चालत नाही, त्यामुळे शेजारच्या वाडीवरून येणाऱ्यांना आधी पोचताच येत नाही. पुढे कधी स्वतः काही ठेवलंत तर आधी बसचं टाइमटेबल बघा आणि मग वेळ ठरवा. आमच्याकडे एकाने हौसेने साडेनऊला व्यायामाचा क्लास ठेवला, चार जण आले, चौघांकडे गाडी होती.

पोचल्यावर टेबलाशी बसून राहू नका, किचनमध्ये जा. तिथे चहाच्या पाण्याचा मोठा बंब असतो, शंभर-एक एकसारखे कप आणि एक बाई जी हे सगळं वर्षानुवर्षं सांभाळतीये. तिला ‘वॉश ऑर ड्राय?’ एवढंच विचारायचं. पुसायचं काम घ्या, कारण धुण्याची जागा तिची असते आणि ती सहजासहजी सुटत नाही. अंगावर टी टॉवेल आला की तुम्ही पाहुणे राहत नाही. मला गावातलं सगळं त्या सिंकपाशी कळलं, कुणाचं ऑपरेशन आहे, कुणाचा मुलगा ऑस्ट्रेलियात आहे, कुणाला डॉक्टरकडे न्यायला माणूस हवंय. समोरासमोर बसलं की ही माणसं हवामानावर बोलतात, शेजारी उभं राहून कप पुसायला लागलं की मन मोकळं करतात. ऑस्ट्रेलियातून आलेल्या मेन्स शेडमध्ये पुरुष एकत्र सुतारकाम करत बसतात त्यामागेही हाच हिशोब आहे, रिटायर झालेला माणूस ‘मला एकटं वाटतं’ असं कधी म्हणणार नाही पण करवत चालवता चालवता बोलेल. तुमच्या बाबांना किंवा सासऱ्यांना तिथे जरूर पाठवा.

एक अडचण येईल, नावाची. पंच्याऐंशीच्या बाईंना नुसत्या नावाने हाक मारायची, मिसेस अमुक म्हटलं तर त्यांनाच अवघडल्यासारखं होतं. माझी जीभ वळत नव्हती, मी महिनाभर नाव टाळून ‘एक्सक्यूज मी’वर भागवलं. पण करावंच लागतं. आता आई इकडे आली की ती त्यांना सरळ आजी म्हणते आणि त्यांना ते भारी आवडतं, पण ते आईला शोभतं.

बरं, खायला काही न्यायचं असेल तर. नक्की न्या, पण इथे अ‍ॅलर्जीचं प्रकरण गंभीर आहे, १४ पदार्थांची सरकारी यादी आहे आणि आपला अर्धा डबा त्यात बसतो. शेंगदाणे आणि तीळ आपल्याला माहीत असतं. पण मोहरीसुद्धा त्या यादीत आहे, म्हणजे फोडणी घातलेली प्रत्येक गोष्ट आली! आणि हिंग, तो तर गुपचूप घुसतो, दुकानातल्या डबीतल्या हिंगात बरेचदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, त्यामुळे बेसनाचं आहे, ग्लूटेन फ्री आहे असं छातीठोकपणे सांगून ढोकळा पुढे केलात तर सीलिअ‍ॅकवाल्या माणसाची (ज्याला गव्हातलं ग्लूटेन अजिबात चालत नाही) वाट लागेल. डबी उलटी करून वाचा. ताटाशेजारी मोठ्या अक्षरात चिठ्ठी ठेवा, यात काय काय आहे. मी आता पहिल्यांदा कुठे नेताना नारळाच्या वड्या नेते, त्यात दूध येतं पण ते सगळ्यांना समजतं, तिखटाचा प्रश्न नाही आणि आग्रह करावा लागत नाही. आग्रह करूच नका, ‘नो थँक यू’ म्हणजे खरंच नको असतं.

आता तब्येतीचं. जीपीच्या सर्जरीत, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात, सोशल प्रिस्क्रायबिंग लिंक वर्कर नावाचं माणूस असतं, इंग्लंडमध्ये २०१९च्या एनएचएस लाँग टर्म प्लॅनपासून हे देशभर आलं. काम काय, तर गोळीने न सुटणाऱ्या गोष्टी, एकटेपणा, बिलांची काळजी, बाळंतपणानंतर घरात कोंडलेली बाई, बायको गेल्यावर स्वयंपाकच न येणारे आजोबा, यांच्याशी नीट तासभर बसून बोलायचं आणि गावातल्या कुठल्यातरी ग्रुपशी जोडून द्यायचं. रिसेप्शनला फोन करून ‘लिंक वर्करशी बोलायचंय’ म्हणा, बऱ्याच ठिकाणी डॉक्टरची चिठ्ठीसुद्धा लागत नाही. आपल्या लोकांना वाटतं हे वेड्यांसाठी आहे, तसं काही नाही. आणि तुम्ही मदत करणारे असाल तरी याच माणसाला गाठा, कारण कुठला ग्रुप खरंच चालू आहे आणि कुठला फक्त वेबसाइटवर आहे हे त्याला माहीत असतं.

या सगळ्याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे सॉमरसेटमधलं फ्रोम. ते खेडं नाही, पंचवीस-तीस हजारांचं गाव आहे, पण शिकण्यासारखं आहे. तिथल्या डॉक्टर हेलन किंग्स्टन आणि त्यांच्या टीमने २०१३ मध्ये आधी नुसती यादी केली, गावात कोण काय करतं याची, भजनी मंडळापासून (म्हणजे क्वायर हो) विणकामाच्या ग्रुपपर्यंत, जे नव्हतं ते उभं केलं, टॉकिंग कॅफे, म्हणजे येऊन गप्पा मारायच्या जागा, सुरू केले आणि साध्या गावकऱ्यांना, न्हाव्यापासून दुकानदारापर्यंत, ही यादी कशी वापरायची ते शिकवलं. २०१८ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ जनरल प्रॅक्टिसमध्ये आकडे आले, इमर्जन्सीत हॉस्पिटलला भरती होणाऱ्यांचं प्रमाण फ्रोममध्ये १४ टक्क्यांनी उतरलं, तेवढ्याच काळात सॉमरसेटमध्ये २८.५ टक्क्यांनी चढलं. सगळं श्रेय कॅफेला द्यायचं का यावर वाद घाला, घरात डॉक्टर असल्यामुळे आमच्याकडे तो जेवताना होतो, पण यादीची कल्पना उचला. आमच्या गावात आम्ही एका पानाची यादी केली, मोठ्या टायपात, वार-वेळ-कोणाला फोन करायचा, आणि ती सर्जरी, दुकान आणि पबच्या बाथरूममध्ये लावली. बाथरूममधली सगळ्यात जास्त वाचली जाते.

चालण्याचा ग्रुप असेल तर तो पकडा, नसेल तर वर्षभराने तो काढायला हरकत नाही कारण याला काही लागत नाही. पण नीट काढा. पहिला रस्ता अर्ध्या तासाचा, सपाट आणि मुख्य म्हणजे स्टाइल नसलेला, स्टाइल म्हणजे कुंपणावर चढून जायच्या लाकडी पायऱ्या, गुडघे दुखणारा माणूस पहिल्या स्टाइलपाशी परत फिरतो आणि पुन्हा येत नाही. आधी एकटीने चालून बघा, चिखल किती, गायी कुठल्या शेतात आहेत, शेवटी बसायला बाक आहे का. एक जण पुढे, एक जण सगळ्यात मागे, मागचा महत्त्वाचा. पाऊस असला तरी जायचं, एकदा रद्द केलं की लोक दर वेळी ‘आज आहे का’ विचारत बसतात. आणि चालून झालं की चहा, तो ठरलेलाच हवा, निम्मे लोक त्यासाठीच येतात आणि त्यात काही वाईट नाही. रस्ता शोधायला ऑर्डनन्स सर्व्हेचा १:२५,००० नकाशा घ्या, हिरव्या तुटक रेषा म्हणजे सार्वजनिक पायवाट. जमिनीवर पिवळा बाण फक्त चालणाऱ्यांसाठी, निळा असेल तर घोडे आणि सायकलीही. शेत खासगी असलं तरी त्यातून जायचा हक्क तुमचा असतो, हे पचायला मला वेळ लागला, कुणाच्या बांधावरून जाताना अजून चोरट्यासारखं वाटतं.

जरा तरुण असाल तर शनिवारी सकाळी नऊला जवळच्या शहरातलं पार्करन, ५ किलोमीटर, फुकट, २००४ मध्ये लंडनच्या बुशी पार्कमध्ये १३ धावणाऱ्यांपासून सुरू झालेलं. पळायलाच हवं असं नाही, पूर्ण चाललं तरी चालतं, आणि तुम्ही शेवटचे येऊच शकत नाही कारण टेल वॉकर म्हणून एक व्हॉलंटिअर मुद्दाम सगळ्यांच्या मागे चालतो.

गावातला लाल टेलिफोन बूथ नुसता फोटोसाठी नाही, आत बघा. बीटी कंपनी असे बूथ गावांना एक पाउंडात दत्तक देते, कुठे त्यात पुस्तकं असतात, कुठे डिफिब्रिलेटर, म्हणजे बंद पडलेल्या हृदयाला शॉक देणारं मशीन. कुणी कोसळलं आणि श्वास नाही तर आधी ९९९, छाती दाबायला सुरुवात, आणि दुसऱ्याला मशीन आणायला पिटाळा. पेटीला कुलूप असेल तर कोड ९९९वाले सांगतात. मशीन स्वतः बोलून काय करायचं ते सांगतं आणि गरज नसेल तर शॉक देतच नाही, त्यामुळे घाबरायचं नाही, ट्रेनिंग लागत नाही. ते द सर्किट नावाच्या राष्ट्रीय यादीत नोंदलेलं नसेल तर ९९९वाल्यांना ते आहे हेच कळत नाही. मग कुणीतरी दर आठवड्याला जाऊन हिरवा दिवा आहे का, पॅडची तारीख उलटली नाही ना, हे बघायचं असतं. नवीन माणसासाठी हे सगळ्यात उत्तम काम आहे, पाच मिनिटांचं, आणि तुमचं नाव सगळ्यांना कळतं.

लिफ्ट देण्याचं कामही असतं, म्हाताऱ्या माणसांना हॉस्पिटलच्या अपॉइंटमेंटला न्यायचं. गाडीच्या इन्शुरन्सला आधी कळवा, बहुतेक कंपन्या जास्तीचे पैसे घेत नाहीत पण कळवायचं असतं. पेट्रोलचे पैसे मैलाला ४५ पेन्सपर्यंत घेता येतात, लाजून नाही म्हणू नका, फुकट नेलं तर त्या आजींना दुसऱ्यांदा मागायला संकोच वाटतो.

आता निसर्गाचं, आणि इथे मी थोडी वाहवत जाणार आहे.

पहिल्या जूनमध्ये मला बोर्डवर दिसलं, ‘बाल्सम बॅशिंग, रविवार, जुने बूट घालून या’. गेले. ओढ्याच्या काठी बघते तर काय, तेरडा! डोक्याच्या वर गेलेला, लालसर जाड दांडे, तीच बोंडं, हात लावला की फट्‌कन फुटणारी. त्यांचं बाल्सम म्हणजे आपल्या तेरड्याचाच भाऊ, इम्पेशन्स कुळातला, हिमालयातला, १८३९ मध्ये इथे बागेत लावायला म्हणून आणला आणि तो बागेतून पळाला. आम्ही गौरी आणताना ज्या रोपांना हळद-कुंकू लावतो त्यांच्या चुलतभावाला मी मुळापासून उपटायला उभी, आधी हात पुढे होईना. पण कारण समजलं की होतो. एका झाडाला आठशेपर्यंत बिया, सात मीटरपर्यंत उडतात, पाण्यात पडल्या की खालच्या गावाला. आणि इतका दाट वाढतो की खाली दुसरं काही उगवत नाही, मग थंडीत स्वतः मरून जातो आणि काठ उघडाबोडका, पुराच्या पाण्याने माती वाहून जाते. आपल्याकडे तेरड्याचा रंग तीन दिवस, इथे ऑक्टोबरपर्यंत हटत नाही.

उपटायची पद्धत सोपी आहे. जमिनीच्या मालकाची परवानगी आधी घ्या. वेळ जून ते जुलै, बोंडं धरायच्या आत, एकदा बोंडं आली की हलवलंत तरी तुम्हीच पेरणी करून येता. मुळं वरवरची असतात, बुंध्याशी धरून ओढलं की अलगद येतं, पण मधेच तुटलं आणि खालचं पेर जमिनीत राहिलं की परत फुटतं. उपटलेलं मोडून, ओल्या मातीपासून दूर, कोरड्यावर ढीग लावायचा, मुळं वर करून. आणि नेहमी ओढ्याच्या वरच्या अंगाने सुरू करायचं, नाहीतर वरून बिया येत राहतात आणि वर्षानुवर्षं लष्कराच्या भाकऱ्या भाजत बसाल. दोन-तीन वर्षं सलग केलं की फरक दिसतो कारण बी जमिनीत साधारण दोन वर्षांच्या पुढे टिकत नाही. हातमोजे आणि लांब पँट घाला, नेटल नावाचं झुडूप असतं, लागलं की खाजकुयलीची आठवण येते, आणि गवतात गोचीड असतात. हाताला जखम असेल तर पट्टी लावा आणि काही खायच्या आधी हात धुवा, उंदरांमुळे ओढ्याच्या पाण्यातून लेप्टो होऊ शकतो, तोच आपला मुंबईच्या पावसातला लेप्टो, इथे वाइल्स डिसीज म्हणतात.

मुलांना न्या. बोंड फोडायला मिळेल असं सांगून नेऊ नका म्हणजे झालं.

त्यामानाने हेजहॉगचं (साळिंदरासारखा छोटा काटेरी प्राणी) काम घरबसल्या आहे. कुंपणाच्या तळाशी १३ बाय १३ सेंटिमीटरचं भोक, बस, सीडीच्या कव्हरएवढं. हा प्राणी रात्री अन्न शोधत बरंच फिरतो आणि आपण सगळ्यांनी लाकडी कुंपणं जमिनीला टेकवून त्याचे रस्ते बंद केलेत, ग्रामीण भागात त्यांची संख्या २००० सालापासून ३० ते ७५ टक्क्यांनी घटल्याचं २०२२च्या अहवालात आहे. ऑक्सफर्डशरमधल्या कर्टलिंग्टन गावात तर लोकांनी बागेच्या भिंतींना भोकं पाडून, दगडाच्या उंच भिंती आल्या तिथे छोट्या पायऱ्या आणि रॅम्प बांधून गावभर हेजहॉगचा हायवे केलाय, फोटो शोधून बघा, वेडी माणसं आहेत. करवत उचलायच्या आधी शेजाऱ्याला विचारा, कुंपण कुणाचं हा इथला नाजूक विषय आहे आणि विचारायला जाणं हेच खरं तर ओळखीचं निमित्त. मी त्या भोकाच्या निमित्ताने शेजाऱ्यांच्या घरात पहिल्यांदा पाऊल टाकलं. दूध ठेवू नका, त्यांना पचत नाही, उथळ ताटलीत पाणी ठेवा. आणि ५ नोव्हेंबरच्या बॉनफायरचा ढीग पेटवायच्या आधी आत कुणी झोपलंय का बघा.

फळबाग असेल तर तुमचं नशीब, आमच्या भागात पर्शोरचे प्लम आणि सफरचंदाच्या जुन्या बागा बऱ्याच आहेत आणि गावं त्या एकत्र मिळून सांभाळतात. नवीन झाडं नोव्हेंबर ते मार्चमध्ये लावतात, मातीशिवाय नुसत्या मुळांची रोपं येतात, काटकी दिसते आणि जगते. शाळा-गावांना वुडलँड ट्रस्ट झाडं फुकट देतो, अर्ज करा. छाटणी मात्र विचारून, सफरचंद हिवाळ्यात छाटतात आणि प्लम उन्हाळ्यात, थंडीत प्लम छाटला तर सिल्व्हर लीफ नावाचा रोग धरतो. आणि पोकळ झालेलं जुनं झाड बघून ‘हे काढून टाकू’ म्हणू नका, त्या सडलेल्या लाकडात नोबल चेफर नावाचा हिरवा-सोनेरी चमकणारा दुर्मिळ भुंगेरा वाढतो, मी म्हणाले होते आणि सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी तुळशीवृंदावन पाडायला सांगितलंय. जानेवारीत वॉसेलिंग असतं, रात्री मशाली घेऊन बागेत जायचं, झाडाच्या मुळाशी सायडर (सफरचंदाची दारू) ओतायचा, फांद्यांना टोस्ट अडकवायचे, भांडी बडवायची, झाडाला चांगलं फळ ये म्हणून गाणं म्हणायचं. आई त्या वर्षी इथे होती, तिला कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही, तिने सरळ झाडाला नमस्कार केला. सफरचंदावर गोल झुपके दिसतात ते मिसलटो, म्हणजे बांडगूळ. आपण माणसाला शिवी म्हणून वापरतो, इथे टेनबरी वेल्सला ख्रिसमसच्या आधी त्याचा लिलाव होतो!

‘नो मो मे’, म्हणजे मे महिनाभर गवत न कापणं, यात फार जोराने पडू नका निदान पहिल्या वर्षी. प्लांटलाइफ संस्थेची मोहीम आहे, फुलं-मधमाश्यांसाठी चांगलीच आहे, पण गवत कापलेलं हवं की नको यावर गावात दोन तट असतात आणि दोन्हीकडची माणसं तुमच्या कॉफी मॉर्निंगला येतात. स्वतःच्या बागेचा एक तुकडा ठेवा आणि गप्प बसा.

अलॉटमेंट म्हणजे भाड्याचा भाजीचा तुकडा, पूर्ण तुकडा साधारण २५० चौरस मीटरचा, पहिल्यांदा अर्धा घ्या. वेटिंग लिस्ट असते, आजच नाव घाला. गावात अलॉटमेंटच नसतील तर १९०८च्या कायद्याप्रमाणे मतदार यादीतल्या सहा जणांनी मिळून पॅरिशला लिहिलं की त्यांना ते विचारात घ्यावंच लागतं. मेथी मस्त येते, कोथिंबीर मे-जूनमध्ये लगेच फुलावर जाते म्हणून एप्रिलला आणि मग ऑगस्टला पेरा. मेथीची जुडी ही माझी सगळ्यात मोठी ओळख ठरली, बदल्यात ऑगस्टमध्ये एवढे कूर्जेट (म्हणजे झुकिनी) येतात की दार उघडायची भीती वाटते.

मतदार यादी म्हटलं म्हणून सांगते, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. भारतीय पासपोर्ट असला तरी तुम्ही कॉमनवेल्थ नागरिक आहात, इथे राहायचा वैध व्हिसा असेल तर नाव नोंदवून पॅरिशपासून पार्लमेंटपर्यंत मत देता येतं, आणि मतदान केंद्रावर ओळख म्हणून भारतीय पासपोर्ट चालतो. आयएलआर म्हणजे कायमचा परवाना मिळालेला असेल तर पॅरिश कौन्सिलर म्हणून उभंही राहता येतं, आणि उभं राहायला माणसंच मिळत नाहीत म्हणून बरेचदा रिकाम्या जागी कौन्सिल स्वतःच कुणालातरी घेते. पगार नाही, गाडी नाही, सरपंचाचा रुबाब नाही, बाकाला कुठला रंग द्यायचा यावर पाऊण तास चर्चा आहे. नुसतं ऐकायला गेलात तरी चालतं, अजेंडा तीन दिवस आधी बोर्डवर लावावा लागतो, सुरुवातीला गावकऱ्यांना बोलायला वेळ ठेवतात, प्रत्येकी तीनेक मिनिटं. आणि १ मार्च ते १ जूनमध्ये कधीतरी वार्षिक पॅरिश मीटिंग होते, ती आपली ग्रामसभाच. तिथे जाच. काही मागायचं असेल तर मीटिंगमध्ये उठून मागू नका, आधी क्लार्कला ईमेल करा, क्लार्क हा पगारी माणूस असतो आणि कुठल्या खात्यातून काय निघेल ते त्यालाच कळतं.

वर्षभर हे सगळं झाल्यावर स्वतःचं काही काढा. आधी कमिटीच्या छत्राखाली काढा म्हणजे त्यांचा पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्स (कार्यक्रमात कुणाला इजा झाली तर भरपाईचा विमा) मिळतो का ते विचारता येतं. वेगळं काढलंत तर बँकेत दोन सह्यांचं खातं, पहिल्या दिवसापासून, पाच पाउंड असले तरी. मुलांसोबत किंवा आजारी-अपंग माणसांसोबत नियमित काम असेल तर डीबीएस तपासणी, म्हणजे गुन्ह्यांची नोंद आहे का ते बघणं, व्हॉलंटिअरना फुकट होते. दिवाळीचा कार्यक्रम करताय आणि त्यात वाइन विकायचीये तर टेम्पररी इव्हेंट नोटिस (तात्पुरत्या परवानगीची), २१ पाउंड, कामाचे किमान दहा दिवस आधी, हॉलकडे लायसन्स असेल तर तेही नको. आणि योगा म्हणू नका, ‘चेअर एक्सरसाइज अँड टी’ म्हणा. माझा क्लास शेवटी त्याच नावाने सुरू झाला, गुरुवारी अकराला, बस दहा चाळीसला येते. पहिल्या दिवशी सिंकपाशी माझ्याशेजारी उभ्या राहणाऱ्या त्या बाईंनीच सहा जणींना गाडीत घालून आणलं.

आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर सहा महिने आले की त्यांनाही न्या, चालायला, कॉफीला, क्वायरला, त्याला कसली अडचण नाही. काही कामात हात लावायचा असेल तर नोंदणी असलेल्या चॅरिटीसाठी, एकूण ३० दिवसांपर्यंत चालतं आणि येण्याचं मुख्य कारण तेच असता कामा नये. आमचे बाबा आल्या आल्या डिफिब्रिलेटरचा हिरवा दिवा बघायला माझ्यासोबत यायला लागले, दर रविवारी, टोपी-मफलर घालून, आणि परत जायच्या आदल्या दिवशी मला पॅडची तारीख कागदावर लिहून देऊन गेले. तो कागद फ्रिजवर आहे, तारीख पुढच्या मार्चची.